चाळिशी ओलांडलेली रोहित्रे : अमेरिकेच्या पारेषण जाळ्यातील जुन्या यंत्रांची देखभाल

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१४ मध्ये सुधारलेल्या अहवालात देशातील मोठ्या रोहित्रांचे, म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मरचे, सरासरी वय ३८ ते ४० वर्षे असल्याचे नमूद केले होते. त्यांपैकी सुमारे ७० टक्के रोहित्रे २५ वर्षांहून जुनी होती. त्या काळी नवे रोहित्र मागवले, तर ते साधारणपणे ५ ते १६ महिन्यांत मिळत असे. २०२४ मध्ये राष्ट्रीय पायाभूत सुविधा सल्लागार परिषदेने सादर केलेल्या अहवालात मोठ्या रोहित्रांसाठीची हीच प्रतीक्षा ८० ते २१० आठवडे, म्हणजे दीड ते चार वर्षे, झाल्याचे म्हटले आहे. त्यामुळे देखभाल अभियंत्यापुढचा प्रश्नच पालटला आहे. जुने रोहित्र केव्हा बदलायचे हा निर्णय आता त्याच्या एकट्याच्या हाती राहिलेला नाही. नवे येईपर्यंत जुने सुरक्षितपणे कसे चालवायचे, हे त्याला ठरवावे लागते.

या अहवालात १०० एमव्हीए व त्याहून अधिक क्षमतेच्या रोहित्राला ‘मोठे’ म्हटले आहे. त्याचे वजन १०० ते ४०० टन भरते, किंमत काही दशलक्ष डॉलरच्या घरात जाते आणि बहुतेक वेळा ते एका विशिष्ट उपकेंद्रासाठीच आखलेले असते. शेजारच्या कंपनीकडे एखादे पडून असले, तरी ते आपल्या जागी बसेलच असे नाही. मूळ तत्त्व मात्र विल्यम स्टॅन्लीने १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन गावात दुकाने उजळवून दाखवली तेव्हा होते तेच आहे : पोलादी गाभा, त्याभोवती तांब्याच्या गुंडाळ्या, आणि वेटोळ्यांमधून वीज झेपावू नये म्हणून विद्युतरोधन. फिरणारा भाग नसल्यामुळे हे यंत्र झिजत नाही असा समज होतो. तो खरा नाही.

रोहित्राचे खरे वय ठरवतो तो कागद. तांब्याच्या तारेभोवती सेल्युलोजचा कागद गुंडाळलेला असतो आणि तो खनिज तेलात भिजलेला असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. नव्या कागदात अशा साखळीत सरासरी हजाराच्या आसपास कड्या असतात. उष्णता, पाणी आणि प्राणवायू हे तिघे मिळून त्या तोडत जातात. संख्या २०० वर आली की कागदाचे बळ संपले असे मानले जाते. तोपर्यंत त्याची विद्युतरोधक क्षमता बरीचशी शाबूत असते. पण बाहेरच्या वाहिनीवर शॉर्टसर्किट झाले आणि गुंडाळ्यांना यांत्रिक हिसका बसला, की ठिसूळ कागद फाटतो. तेल गाळता येते, बदलताही येते. कागद बदलायचा, तर गुंडाळ्याच नव्याने कराव्या लागतात.

तापमान ६ ते ८ अंश सेल्सिअसने वाढले की कागदाच्या ऱ्हासाचा वेग सुमारे दुप्पट होतो. आयईईईच्या मार्गदर्शक मानकानुसार गुंडाळीतील सर्वांत तप्त बिंदू अखंड ११० अंशांवर राहिला, तर सामान्य आयुष्य १,८०,००० तास, म्हणजे साडेवीस वर्षे धरता येते. मग पन्नाशीची रोहित्रे अजून उभी कशी? उत्तर साधे आहे. एक रोहित्र बंद पडले तरी दुसऱ्याने सारा भार उचलावा, अशा बेताने जाळे आखलेले असते. त्यामुळे बहुतेक रोहित्रांनी आयुष्यभर पूर्ण क्षमतेच्या बरेच खाली काम केले. शिवाय रात्री व हिवाळ्यात त्यांना थंड होण्यास सवड मिळाली. ही सवडच आता आक्रसते आहे. उत्तर व्हर्जिनियातील लाउडन काउंटीत, जिथे अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, डेटा सेंटरांचा भार रात्रीही फारसा उतरत नाही. मानकातील गणित कागदावरच राहील, असे गृहीत धरून चालण्याचे दिवस तेथे संपत आले आहेत.

रोहित्राची प्रकृती जाणून घेण्याचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी. काचेच्या पिचकारीत तेलाचा नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवतात. कागद तापला की कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड वाढतात. तेल खूप तापले की इथिलीन वाढतो. सूक्ष्म विद्युतस्राव असला की हायड्रोजन दिसतो, आणि आत ठिणगी पडत असेल तर ॲसिटिलीन. हा शेवटचा वायू दशलक्षात काही भाग इतका आढळला, तरी अभियंता फोन उचलतो. हायड्रो-क्वेबेकच्या मिशेल दुवाल यांनी १९७० च्या दशकात मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन यांच्या परस्पर प्रमाणावरून दोष ओळखणारा त्रिकोण मांडला. तो आज जगभर वापरला जातो. मात्र कुठल्याही एका आकड्यापेक्षा तो आकडा किती वेगाने वाढतो आहे, हे अधिक महत्त्वाचे. दहा वर्षे एकाच पातळीवर असलेले वायू फारसे चिंताजनक नसतात. दोन महिन्यांत दुप्पट झालेले असतात. म्हणून महत्त्वाच्या रोहित्रांवर आता दर काही तासांनी मोजमाप करणारी उपकरणे बसवलेली असतात. कागद तुटताना निर्माण होणारी फ्युरान संयुगेही तेलात उतरतात. त्यांवरून टाकी न उघडता कागदाच्या शिल्लक बळाचा अदमास घेता येतो.

पाण्याचा हिशेब अधिक फसवा असतो. रोहित्रातील बहुतांश पाणी तेलात नसून कागदात असते. तापमान चढले की ते तेलात उतरते, उतरले की पुन्हा कागदात जाते. थंड दिवशी काढलेला नमुना कोरडा दिसला, म्हणून रोहित्र कोरडे ठरत नाही. महापारेषणच्या उपकेंद्रात काम केलेल्या अभियंत्याची नजर सवयीने ब्रीदरमधील सिलिका जेलच्या रंगाकडे जाते. अमेरिकेत तेलाच्या वर नायट्रोजनची गादी ठेवलेली किंवा रबरी पिशवीने हवेपासून तोडलेली रोहित्रे बरीच आढळतात. तेथे रंगाऐवजी वायूचा दाब आणि गळती पाहावी लागते. तिकडे ज्याला ‘टॅन डेल्टा’ म्हणतात, ती चाचणी इकडे ‘पॉवर फॅक्टर’ किंवा सरळ ‘डोबल टेस्ट’ या नावाने ओळखली जाते. आकडे फारसे वेगळे नसतात, पण बैठकीत पहिल्यांदा गोंधळ होतोच.

ही चाचणी विशेषतः बुशिंगसाठी करतात. बुशिंग म्हणजे टाकीच्या धातूला स्पर्श न होऊ देता उच्च दाबाचा वाहक आत नेणारा पोर्सिलेनचा स्तंभ. रोहित्राच्या मानाने त्याची किंमत नगण्य, पण तो फुटला तर जळते तेल आणि संपूर्ण रोहित्राचा नाश. लंडनचा हीथ्रो विमानतळ २१ मार्च २०२५ रोजी जवळजवळ दिवसभर बंद राहिला, तो आदल्या रात्री नॉर्थ हाइड उपकेंद्रात लागलेल्या अशाच आगीमुळे. ब्रिटनच्या वीजप्रणाली चालकाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालानुसार बुशिंगमध्ये ओलावा शिरणे हे सर्वांत संभाव्य कारण होते. याहून बोचरी बाब पुढे आहे : त्या बुशिंगच्या तेलात वाढलेला ओलावा जुलै २०१८ मध्येच आढळला होता, पण त्यावर योग्य ती कारवाई झाली नाही. चाचणी झाली होती, आकडा लिहून ठेवला होता. जुन्या यंत्रांच्या देखभालीत उपकरणांची उणीव क्वचितच असते. आढळलेला आकडा वेळेत निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतो का, यावर सारे अवलंबून असते.

शंट रिअॅक्टरची कथा थोडी निराळी आहे. नावावरून अणुभट्टी डोळ्यांपुढे येते, पण हे दिसायला रोहित्रासारखेच, तेलाने भरलेले यंत्र. लांब आणि अतिउच्च दाबाच्या वाहिनीवर भार कमी असला की दूरच्या टोकाचा दाब मर्यादेबाहेर चढतो. रिअॅक्टर तो खाली ओढून धरतो. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या ओहायोतील कंपनीने १९६९ मध्ये देशातील पहिली ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू केली. आज तिच्याकडे या दाबाच्या २,००० मैलांहून अधिक वाहिन्या आहेत. अशा वाहिन्यांना रिअॅक्टरविना गत्यंतर नसते.

रोहित्राला कमी भाराचे सुख तरी मिळते. रिअॅक्टरला ते नाही. त्यातील प्रवाह वाहिनीच्या दाबावर ठरतो, त्यामुळे जोडल्या क्षणापासून ते पूर्ण भारावर असते. तेथे ‘चालू’ आणि ‘बंद’ यांमधली स्थितीच नाही. त्याच्या गाभ्यात मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात आणि गाभ्याचे तुकडे सेकंदाला १२० वेळा एकमेकांकडे ओढले जातात. ५० हर्ट्झच्या भारतात हीच कंपने १०० असतात. काही दशकांत आवळलेले बोल्ट सैल होतात, टाकीच्या भिंतींत भरकटलेले चुंबकीय क्षेत्र उष्णता निर्माण करते आणि तेलातील वायू वाढू लागतात. म्हणून रिअॅक्टरच्या तपासणीत आवाज आणि कंपने यांना रोहित्रापेक्षा अधिक वजन द्यावे लागते.

वेळापत्रकाचा पेचही आहे. रोहित्रांची मोठी कामे वसंतात व शरदात काढतात, कारण तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही थंडावलेले असतात. नेमक्या याच महिन्यांत वाहिन्यांवरचा भार कमी, दाब चढा आणि रिअॅक्टरची गरज सर्वाधिक. रिअॅक्टर सोडावा तर उन्हाळ्यात सोडावा, पण तेव्हा दुरुस्तीची पथके आणि जाळे दोन्ही ताणलेले असतात.

यंत्र हातचे गेलेच तर? मार्च १९८९ च्या सौर वादळात न्यू जर्सीतील सेलम अणुवीज केंद्राचे रोहित्र निकामी झाले. रद्द झालेल्या एका अणुप्रकल्पाचे न वापरलेले रोहित्र मिळाले, म्हणून निभावले. एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील मेटकाफ उपकेंद्रावर बंदुकांनी हल्ला झाला. १७ रोहित्रे गळू लागली आणि उपकेंद्र पूर्ववत होण्यास २७ दिवस लागले. तेथे नुकसान दुरुस्त होण्याजोगे होते. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, सेंट लुईसहून तीन एकफेजी रोहित्रे ह्यूस्टनला नेऊन आठवड्याच्या आत कार्यान्वित करण्याचा प्रयोग यशस्वी झाला होता. ती रोहित्रे मुद्दाम हलकी आणि अनेक ठिकाणी बसतील अशी बनवलेली होती. रोजच्या जाळ्यातील रोहित्राला विशेष रेल्वे वाघिणी आणि पुलांच्या परवानग्या लागतात.

नव्या यंत्रांची टंचाई सहजी मिटणारी नाही. गाभ्यासाठी लागणारे विशिष्ट कणरचनेचे सिलिकॉन पोलाद अमेरिकेत क्लीव्हलँड-क्लिफ्स ही एकच कंपनी बनवते. मोठी रोहित्रे बहुतांशी आयात होतात. मेम्फिस, माँटगोमेरी आणि शार्लट येथे कारखाने वाढत आहेत, पण गुंडाळी करणारा कसबी कामगार तयार होण्यास वर्षे लागतात.

दरनियमनाचा एक पैलू येथे नोंदवायला हवा. नियंत्रित वीज कंपनीला भांडवली गुंतवणुकीवर परतावा मिळतो. देखभालीचा खर्च मात्र सहसा केवळ भरून मिळतो. त्यामुळे जुने जपण्यापेक्षा नवे घेण्याकडे हिशेबाचा कल राहत आला. आज नवे मिळतच नाही म्हटल्यावर तेल शुद्धीकरण, निर्वात पद्धतीने कागद सुकवणे, बुशिंग व टॅप चेंजर बदलणे, पंखे आणि पंप नवे करणे या दुर्लक्षित कामांना पुन्हा मान मिळू लागला आहे. १९७९ पूर्वीच्या रोहित्रांत आणखी एक खबरदारी लागते. तेलात पीसीबीचे प्रमाण दशलक्षात ५० भाग किंवा अधिक असेल, तर त्याची हाताळणी आणि विल्हेवाट संघराज्याच्या कठोर नियमांखाली येते.

रोहित्र अखेर निवृत्त होते, तेव्हा काही कंपन्या ते थेट भंगारात देत नाहीत. गुंडाळ्या सोडवून वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतील कागदाचे तुकडे काढतात आणि प्रत्येकातील साखळीची लांबी मोजतात. सर्वांत वाईट कागद बहुधा माथ्याजवळच्या वेटोळ्यांत सापडतो, कारण तेल तेथे सर्वाधिक तापलेले असते. फ्युरानवरून बांधलेला अंदाज आणि हाती आलेला कागद यांत किती फरक पडला, याची नोंद करून तीच मोजपट्टी मग त्या घडणीच्या, अजून चालू असलेल्या भावंडांना लावली जाते.