रवंथ, चिंतन आणि अभ्यास

इंग्रजी ललित गद्यात 'रुमिनेशन' हा शब्द वारंवार भेटतो. निवांतपणे, मागे वळून पाहत केलेल्या विचाराला तिथले निबंधकार हे नाव देतात. मराठीत अनुवाद करताना आपण बहुधा 'चिंतन' असे लिहितो आणि पुढे जातो. आमच्या मते या अनुवादात एक महत्त्वाची गोष्ट हरवते. लॅटिनमध्ये 'रुमेन' म्हणजे गुराच्या पोटाचा पहिला कप्पा. त्यावरून झालेल्या क्रियापदाला लॅटिनमध्येच दोन अर्थ होते : रवंथ करणे आणि मनात घोळवणे. इंग्रजीने ते दोन्ही स्वीकारले. त्या शब्दाच्या पोटात गाय आहे; 'चिंतना'च्या पोटात ती नाही.

'चिंतन' आणि 'चिंता' एकाच धातूपासून झालेले शब्द. मराठीत पहिल्याला प्रतिष्ठा मिळाली, दुसरी काळजी होऊन राहिली. ईश्वरचिंतन, आत्मचिंतन अशा समासांतून 'चिंतना'भोवती एकांताचे आणि अधिकाराचे वलय तयार झाले. पुढे साहित्यात 'चिंतनशील' हे गौरवाचे विशेषण ठरले, आणि राजकीय पक्षांच्या 'चिंतन शिबिरां'नी तर तो शब्द पार गुळगुळीत केला. 'रवंथ' मात्र गोठ्यातच राहिला. माणसाविषयी वापरला तर त्यात थोडी थट्टाच असते : तेच ते पुन्हा चघळणे.

ही थट्टा जुनी नाही. 'रवंथ' हा संस्कृत 'रोमन्थ' शब्दाचा वंशज आहे, आणि कालिदासाने 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात त्याला फार सुंदर जागा दिली आहे. दुष्यंत शिकार थांबवतो आणि म्हणतो की, आता हरणांचे कळप सावलीत एकत्र येऊन रवंथ करोत. येथे 'करोत' या अर्थी कवीने योजलेले क्रियापद 'अभ्यास' या शब्दाच्या धातूचे आहे. हरणांनी रवंथाचा 'अभ्यास' करावा, असा तो प्रयोग. 'अभ्यास' म्हणजे मुळात पुनःपुन्हा करणे. संस्कृत व्याकरणात द्वित्व झालेल्या धातूच्या पहिल्या भागालाही 'अभ्यास' हीच संज्ञा आहे. शिकार थांबल्यावरच रवंथ सुरू होतो, हेही कवीने अचूक टिपले.

चंद्रपूरच्या ताडोबात, जिथे १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, या ओळींचे निसर्गशास्त्र रोज घडते. चितळ, सांबर, रानगवा हे सारे रवंथ करणारे प्राणी. उघड्यावर चरताना वाघाचे भय असते. म्हणून चारा घाईने गिळायचा आणि आडोशाला बसून तो पुन्हा तोंडात आणून बारीक करायचा. पोटातील सूक्ष्मजीव एरवी न पचणारे तंतू फोडतात. रवंथात पुनरावृत्ती आहे, पण ती व्यर्थ नाही. तिच्यामुळेच गवताचे अन्न होते.

आधुनिक मानसशास्त्रात 'रुमिनेशन'चा अर्थ उलटला आहे. दुःखाभोवती फिरत राहणारा, कुठेच न पोचणारा विचार म्हणजे रुमिनेशन, असे नैराश्याच्या अभ्यासात, विशेषतः १९९० च्या दशकापासून, मानले जाते. या अर्थासाठी मराठीत उसनवारीची गरज नाही. 'उगाळणे' हा शब्द आपल्याकडे आहे. सहाणेवर उगाळताना खोड झिजत जाते. दुःख उगाळताना माणूस झिजतो. रवंथाने पोषण होते, उगाळण्याने झीज. इंग्रजीत एकाच शब्दात गुंतलेले दोन अर्थ मराठीने असे वेगळे ठेवले आहेत.

पण हा सारा विचार एकट्याचाच असावा काय? चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने याचे उत्तर दिले आहे. इचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध १९८० च्या दशकात 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन झाले. त्यानंतर देवाजी तोफा आणि गावकरी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, 'अभ्यास गट' चालवू लागले. गटात यायचे ते स्वेच्छेने. विषय मधाच्या पोळ्याचा असो वा वनकायद्याचा, चर्चा पुनःपुन्हा व्हायची. अभ्यास गट निर्णय घेत नसे. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला. घाई नसलेल्या या रीतीला रवंथाखेरीज दुसरे कोणते नाव द्यावे?

त्या पचनाचे फळ दिसले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गाव भांडत राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी ग्रामसभेला परवाना पुस्तिका मिळाली, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात उपस्थित होते. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमागे अनेक वर्षांचे बसून बोलणे होते. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक त्याची साक्ष देते.

आम्ही मराठीचे अध्यापक. वर्गात 'चिंतनात्मक निबंध' शिकवताना उदाहरणे देतो ती एकांतातल्या लेखकांची. 'अभ्यास' हा शब्द परीक्षेपुरता उरू देतो. त्यामुळे जंगलातल्या गावाने वर्षानुवर्षे केलेला विचार आमच्या वाङ्मयीन परिभाषेत 'चळवळ' ठरतो, 'चिंतन' ठरत नाही. ही केवळ शब्दांची निवड नव्हे. विचार करण्याचा मान कोणाला द्यायचा, हा तिच्यातला प्रश्न आहे. 'रुमिनेशन'चा अनुवाद संदर्भ पाहून 'रवंथ' असा करायला मराठी लेखकाने लाजू नये, आणि 'अभ्यास' या शब्दाला त्याचा जुना, सामूहिक होऊ शकणारा अर्थ परत द्यावा. मेंढ्याच्या लोकांनी तो कोशात न पाहताच वापरून दाखवला आहे.