वातशीतित मोटारीच्या इंजिनातील अडखळ

ॲक्सिलरेटर दाबल्यावर मोटारीने तत्काळ वेग न घेता क्षणभर दम सोडणे किंवा हिसका देणे, या दोषास इंजिनाची अडखळ म्हणतात. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी पिकअप घेत नाही’. एखाद्या सिलिंडरात ठिणगी सतत चुकत असल्यास ‘मिसिंग’ हा वेगळा शब्द वापरतात. हा भेद ध्यानात न घेतल्याने अनेकदा निरोगी कार्बोरेटर विनाकारण खोलला जातो.

वातशीतित, म्हणजे पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या मोटारींपैकी फोक्सवॅगन बीटल सर्वाधिक प्रसिद्ध असून तिचे उत्पादन २००३ पर्यंत चालले. कोल्हापूर जिल्ह्यालाही या प्रकाराचा एक दुवा आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून घडवलेल्या ‘मीरा’ या छोट्या मोटारीच्या एका नमुन्यात मागील बाजूस वातशीतित इंजिन होते. ती मोटार व्यापारी उत्पादनापर्यंत पोहोचली नाही.

अडखळीकडे दुर्लक्ष करणे अशा इंजिनास महागात पडते. तिचे नेहमीचे कारण म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणे, आणि असे विरळ मिश्रण जळताना सिलिंडरचे माथे तापते. येथे पाण्याचा आधार नसल्याने झडप जळण्याचा वा पिस्टनला भोक पडण्याचा धोका असतो. बीटलच्या १९७१ पूर्वीच्या रचनेत तेल थंड करणारा भाग तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत असे. म्हणून तेथील झडप प्रथम जळते. गगनबावडा किंवा आंबा घाटात ओव्हरटेक करताना अडखळ आल्यास होणारा धोका निराळाच.

तपासणीचा आरंभ कार्बोरेटरपासून न करता झडपा व ठिणगीपासून करावा, हाच जाणत्या मिस्त्रींचा क्रम. बहुतेक बीटल इंजिनांत झडपेची फट ०.१५ मिमी असते व ती इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजतात. नंतर डेल्कोतील पॉइंटची फट (सुमारे ०.४ मिमी), कंडेन्सर आणि टायमिंग पाहावे. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकते, त्यामुळे हा क्रम उलटा करून चालत नाही. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या डेल्कोची नळी काढून तोंडाने हवा ओढल्यास आतील पट्टी हलली पाहिजे. न हलल्यास पडदा फाटलेला समजावा. पुष्कळ गाड्यांत मूळ डेल्कोऐवजी केवळ केंद्रोत्सारी वजनांवर चालणारा, ‘००९’ या क्रमांकाने ओळखला जाणारा डेल्को बसवलेला आढळतो. तो टिकाऊ असला तरी नंतरच्या कार्बोरेटरबरोबर जोडल्यास सुरुवातीच्या वेगातील अडखळ त्याचीच देणगी असते.

एवढे ठीक असल्यास इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडातून पाहत थ्रॉटल हाताने उघडावा. पेट्रोलची बारीक धार लगेच दिसली नाही, तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा निकामी आहे किंवा जेटमध्ये कचरा आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या रबरी जोडांतून हवा ओढली जाते काय, हेही पाहावे. मात्र त्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची जुनी रीत आगीला आमंत्रण देणारी आहे.

पावसाळ्यात घाटातील थंड, दमट हवेत वेगळाच प्रकार घडतो. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने मॅनिफोल्ड गारठून आत दव, क्वचित बर्फही धरते. ते टाळण्यासाठी एक्झॉस्टची ऊब आणणारी बारीक नळी असते. ती काजळीने बुजल्यास गाडी सकाळी अडखळते आणि दुपारी सुरळीत चालते.

अलीकडे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे या दोषात भर पडली आहे. शुद्ध पेट्रोलाच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणास सुमारे १३.५. जुन्या कार्बोरेटरचे जेट ठरावीक मापाचे असल्याने मिश्रण आपोआप विरळ होते; मुख्य जेट किंचित मोठा बसवणे हा त्यावर उपाय होय. इथेनॉल जुन्या रबरी नळ्याही फुगवते. त्यांचे सुटलेले कण जेटमध्ये अडकतात आणि चिरलेल्या नळीतून पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर ठिबकू शकते, म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या असाव्यात.