मुखदूषिका

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी उटण्याची वाटी धाकट्यांपासून फिरू लागते. गेल्या वर्षी ती माझ्या भाचीपाशी येऊन अडली. "मला नको, आत्या. चेहरा झोंबतो," एवढे म्हणून ती न्हाणीघरात गेली. वय 19, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने लालभडक मुरुम. "अगं, तारुण्यपीटिका त्या; लग्न झालं की जातील," असे कोणीसे म्हणाले. कोणीसे कशाला, मीच म्हणाले.

माझा पिंड जुने ग्रंथ चाळण्याचा. भाऊबीज उरकल्यावर सुश्रुतसंहिता काढून बसले. निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या, म्हणजे किरकोळ रोगांच्या, मांदियाळीत हा विकार आहे. नाव मात्र किरकोळ नाही: मुखदूषिका, चेहरा बिघडवणारी. तरुणांच्या तोंडावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या येतात, असे वर्णन आहे. ज्याने काटेसावरीचे खोड जवळून पाहिले आहे त्याला ती उपमा किती नेमकी आहे हे कळेल. कफ, वात आणि रक्त ही कारणे दिली आहेत. उपाय म्हणून वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सांगितला आहे. पण लेपाच्या आधी वमन. कारण आत आहे, हे त्या वैद्याने धरले होते. आपण पुढे लेप तेवढा ठेवला आणि आतले विसरलो.

मग मार्गशीर्षात एकदा दुपारी धान्य निवडताना मी भाचीला सहज विचारले, "पाळी वेळेवर येते ना गं?"

"गणपतीत आली होती."

"आणि त्याआधी?"

"होळीच्या सुमारास असेल."

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

दोन डॉक्टरांची मलमे झाली होती, चंदन झाले होते, मुलतानी माती झाली होती. घरात तिच्या चेहऱ्याकडे पाहून न बोलणारे एक माणूस नव्हते; पण हा एवढा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी रक्त तपासून आणि सोनोग्राफी करून पीसीओडी हे नाव सांगितले. आता मी त्या नावाच्या मागे लागले.

त्याची कथा लांब जाते. 1721 साली इटलीतील वालिसनेरी या पंडिताने एका तरुण, विवाहित, मूल नसलेल्या शेतकरी बाईच्या बीजकोशांचे वर्णन लिहून ठेवले: नेहमीपेक्षा मोठे, उंचसखल, पांढुरके, कबुतराच्या अंड्यांसारखे. का, ते सांगण्याची सोय तेव्हा नव्हती. एका अवयवातून निघून रक्तावाटे दुसऱ्याला हुकूम देणाऱ्या द्रव्याला 'हॉर्मोन' हे नावच मुळी लंडनच्या स्टार्लिंगने 1905 साली दिले. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. 1921 मध्ये पॅरिसच्या अशार आणि तिएर यांनी चेहऱ्यावरचे केस आणि मधुमेह यांची सांगड घातली, आणि त्या दुखण्याला चक्क 'दाढीवाल्या बायकांचा मधुमेह' म्हटले. नाव ठेवताना रोग्याच्या मनाचा विचार करावा, ही रीत वैद्यकात उशिराच आली.

पण खरा टप्पा शिकागोचा. तेथील मायकेल रीस रुग्णालयाचे स्टाइन आणि लेव्हेन्थाल यांनी 1935 साली सात स्त्रियांची हकीकत छापली. पाळी बंद किंवा अनियमित, कोणाच्या चेहऱ्यावर केस, कोणी स्थूल. आणि सर्वांचे बीजकोश सुजल्यासारखे, बारीक पुटिकांनी भरलेले. त्यांनी पोट उघडून प्रत्येक बीजकोशाचा अर्ध्याहून अधिक भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. पुढे कित्येक वर्षे ही शस्त्रक्रिया चालली; आतले अवयव एकमेकांना चिकटण्याचा धोका कळला आणि गोळ्या आल्या, तशी ती मागे पडली. मला त्या हकीकतीत राहून राहून एक गोष्ट खुपते. यशाचे माप पाळी आणि मूल. त्या सातजणी रोज आरशात काय पाहत होत्या, याला त्या मापात जागा नव्हती.

आणि 'गाठी' म्हणून आपण ज्यांना घाबरतो त्या गाठी नव्हतच. ती वाढता वाढता मध्येच थांबलेली बीजे. 2003 साली रॉटरडॅमच्या बैठकीत ठरलेल्या निकषांप्रमाणे तर सोनोग्राफीत ती दिसली नाहीत तरी हे निदान होऊ शकते. नाव मात्र चिकटून राहिले.

मुरुमांचे काय? 1941 साली अमेरिकेच्या हॅमिल्टनने दाखवले, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण गेले त्यांना मुरुम येत नाहीत. टेस्टोस्टेरॉन टोचले की येतात. हे द्रव्य बायकांच्याही शरीरात थोडे असतेच. ते वाढले, की त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल गाळतात, छिद्रे बुजतात, आत जंतू वाढतात आणि पुळी लाल होते. ते वाढते का, याचा एक धागा 1980 साली मेम्फिसच्या बर्घेन, गिव्हन्स आणि किताबची यांना सापडला: या स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिन जास्त होते. ते बीजकोशाला ही पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. म्हणजे पॅरिसकरांचा मधुमेह अगदीच भलतीकडचा नव्हता.

येथे आयाबायांनी घाबरून जाऊ नये. वयात येताना मुलग्यांना आणि मुलींना मुरुम येतातच, आणि पहिली एकदोन वर्षे पाळीही मागेपुढे होते. पण ती महिनोन् महिने चुकत असेल, हनुवटीवर राठ केस दिसत असतील आणि मुरुम हटत नसतील, तर ते वाटण्याघाटण्याचे काम नव्हे.

भाचीचा चेहरा अजून पुरता निवळलेला नाही. गोळ्या चालू आहेत, संध्याकाळचे चालणे चालू आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती तारखेभोवती उघडपणे गोल काढते. पहिल्यांदा तो पाहून तिचे वडील गोंधळले, आता नाही. परवा वहिनीने यंदा उटण्याची पुडी आणायची का, असे मला विचारले.

"आण ना," भाचीच आतून म्हणाली. "पण हातापायांनाच लावीन हं, आत्या."