लाकडी बॅट, फुकटची खोली आणि बसमधली वर्षं

आजचा विषय बेसबॉल. थांबा, लगेच बंद करू नका! मलाही 2022 पर्यंत बेसबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्या उन्हाळ्यात कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी बॉस्टनला पाठवलं होतं. जुलैमधल्या एका शनिवारी टीममधला एक सहकारी म्हणाला, "चल, माझ्या मावशीकडे जाऊ, मॅच बघू." मला वाटलं मोठं स्टेडियम असेल, तिकीट महाग असेल. प्रत्यक्षात आम्ही केप कॉडवरच्या ऑर्लिन्स नावाच्या छोट्या गावात, शाळेला लागून असलेल्या एल्ड्रिज पार्कवर पोचलो. तिकीट नाही. एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांची हिरवी टेकडी आणि तिच्यावर लोकांनी सकाळीच आणून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या. जत्रेत चादर टाकून जागा धरतात ना, अगदी तसंच.

खेळणारी सगळी कॉलेजची पोरं. त्यांतला एक उंच पिचर (पिचर म्हणजे आपल्या भाषेत बोलर समजा) या मावशींच्याच घरी राहत होता. गेला तर गेला, पण दूध किती पितो म्हणून त्या कौतुकानं तक्रार करत होत्या. मी विचारलं, "हा तुम्हाला भाडं देतो?" त्या हसल्या. "मग याला खेळायचे पैसे किती मिळतात?" त्या आणखी हसल्या. पैसे नाहीत. कॉलेज खेळाडू हौशीच राहिला पाहिजे असा तेव्हा नियम होता.

इथून माझं कुतूहल चाळवलं. ही पोरं इथून पुढे कुठे जातात? आणि त्यांच्या जेवणाचा खर्च तेव्हा कोण करतं?

आधी लीगबद्दल. केप कॉड बेसबॉल लीग आपला वारसा 1885 पर्यंत नेते, पण आज आहे त्या रूपात, म्हणजे फक्त कॉलेज खेळाडूंची लीग म्हणून, ती 1963 पासूनची. दहा संघ, जून ते ऑगस्ट, चाळीसेक सामने. काही मैदानांना दिवे नाहीत, म्हणून खेळ संध्याकाळी पाचला सुरू होतो. चॅथमला समुद्रावरून धुकं येतं आणि चेंडू दिसेनासा झाला की सामना थांबतो. पूर्वी पोरं सकाळी गावात छोट्यामोठ्या नोकऱ्या करायची, दुकानात सामान लावायची, गवत कापायची आणि संध्याकाळी खेळायची. असल्या गावकी थाटाच्या लीगबद्दल सांगतात की आज मेजर लीगमध्ये खेळणाऱ्या साधारण सहांतला एक जण कधीतरी इथे खेळून गेलेला असतो.

असं का? याचं एक मोठं कारण लाकूड आहे.

अमेरिकन कॉलेजांनी 1974 मध्ये ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी दिली. कारण साधं होतं, लाकडी बॅटा मोडतात आणि कॉलेजचं बजेटही. क्रिकेटवाल्यांना डेनिस लिली आठवेल. 1979 मध्ये पर्थच्या कसोटीत तो ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला आणि केवढा गोंधळ झाला होता! तिथे ती बॅट टिकली नाही, इथे मात्र टिकली. गंमत अशी की धातूची बॅट हलकी असते आणि तिचा चांगला लागणारा भाग मोठा असतो. चेंडू हाताजवळ आत आला, टायमिंग चुकलं, तरी तो क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून जाऊन पडतो. लाकडी बॅटीवर तोच चेंडू आला तर बॅट दुभंगते आणि पंजे झिणझिणतात. व्यावसायिक बेसबॉल मात्र फक्त लाकडी बॅटनंच खेळतात. म्हणजे क्लबचे स्काउट्स कॉलेजचे आकडे बघून ठरवणार तरी काय? टेस्ट सर्व्हरवर सगळं हिरवं दिसतंय, पण प्रॉडक्शनचं वातावरणच वेगळं, अशी अवस्था.

1985 मध्ये केप लीगनं परत लाकूड आणलं. त्या वेळी असं करणारी ती देशातली एकमेव कॉलेज उन्हाळी लीग होती. तेव्हापासून स्काउट्स खुर्च्या टाकून बसू लागले.

त्याआधीही इथून मोठे खेळाडू गेलेच होते. थर्मन मन्सन 1967 मध्ये चॅथमकडून खेळला, सरासरी .420! पुढच्या वर्षी यांकीजनी त्याला ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलं. मायनर लीगमध्ये शंभराहूनही कमी सामने खेळून तो वर पोचला आणि 1970 चा सर्वोत्तम नवोदित ठरला. 1979 मध्ये स्वतःचं विमान चालवताना झालेल्या अपघातात तो गेला. केप लीगमधल्या सर्वोत्तम बॅटरला आजही त्याच्या नावानं बक्षीस देतात.

पण मन्सनसारखा झटपट प्रवास म्हणजे अपवाद. बाकीच्यांसाठी मधे एक लांबलचक जिना आहे. त्याचं नाव मायनर लीग.

ही कल्पना ब्रँच रिकी या माणसानं आकाराला आणली. 1920 च्या आसपास सेंट लुईस कार्डिनल्सकडे पैसे नव्हते. चांगले खेळाडू विकत घेताना श्रीमंत क्लब जास्त बोली लावायचे. रिकीनं ठरवलं, विकत घेण्यापेक्षा पिकवू. त्यानं छोट्या गावांतल्या संघांमध्ये हिस्से घ्यायला सुरुवात केली. इंग्रजीत याला 'फार्म सिस्टिम' म्हणतात, मला आपला 'रोपवाटिका' हा शब्द जास्त योग्य वाटतो. हजार रोपं लावायची, दहा जगली तरी चालतील. 1930 च्या दशकाच्या अखेरीस एकट्या कार्डिनल्सच्या हाताखाली तीसहून जास्त संघ होते. मग सगळ्यांनीच नक्कल केली.

1965 मध्ये ड्राफ्ट आला. म्हणजे कोणता खेळाडू कोणत्या क्लबशी बोलणी करणार हे क्रमानं ठरू लागलं. त्यानंतर जिन्याच्या पायऱ्या अशा: रूकी, सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि शेवटी मेजर. ड्राफ्ट 40 फेऱ्यांचा होता तेव्हा दरवर्षी सुमारे 1,200 नावं पुकारली जायची. मेजर लीगमध्ये जागा होत्या 30 संघ गुणिले 25, म्हणजे 750, आणि त्याही बहुतेक भरलेल्या. हिशोब तुम्हीच करा.

या जिन्यावर क्लबांचेही अंदाज भयंकर चुकतात. जेफ बॅगवेल हा माझा आवडता किस्सा. जन्म बॉस्टनचा, लहानपणापासून रेड सॉक्सचा भक्त. 1987 आणि 88 चे उन्हाळे चॅथममध्ये खेळला. रेड सॉक्सनीच त्याला 1989 मध्ये निवडलं. पोराला स्वर्ग दोन बोटं उरला. 1990 मध्ये डबल-एच्या न्यू ब्रिटन संघाकडून त्यानं .333 सरासरी काढली, पण होमरन फक्त चार. क्लबला तातडीनं एक पिचर हवा होता, म्हणून ऑगस्टच्या शेवटी बॅगवेलला ह्यूस्टनला देऊन टाकलं आणि बदल्यात 37 वर्षांचा लॅरी अँडरसन घेतला. अँडरसन बॉस्टनसाठी नियमित मोसमात 22 इनिंग्ज टाकून निघून गेला. बॅगवेल पुढच्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, ह्यूस्टनसाठी 449 होमरन मारले आणि 2017 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. बॉस्टनच्या ऑफिसात लोक अजूनही हे नाव काढलं की डोक्याला हात लावतात, मी स्वतः बघितलंय.

किंवा ॲरन जज घ्या. 2012 मध्ये ब्रूस्टरकडून केप लीग, 2013 मध्ये पहिल्या फेरीत 32 वा, पण दुखापतीमुळे त्या वर्षी खेळलाच नाही. मग चार्ल्स्टन, टँपा, ट्रेंटन, स्क्रँटन. ऑगस्ट 2016 मध्ये यांकीजकडून पहिल्याच संधीला होमरन आणि मग त्या मोसमात 84 पैकी 42 वेळा स्ट्राइकआउट. पुढच्या वर्षी 52 होमरन. एवढा मोठा खेळाडू, तरी जिन्यावर अडीच-तीन वर्षं.

पण जजला सही करताना 18 लाख डॉलर मिळाले होते. शेवटच्या फेऱ्यांतल्या पोराला, विशेषतः कॉलेज संपलेल्याला, कधीकधी हजार डॉलर मिळायचे. आणि त्यानंतर पगार? 2020 पर्यंत खालच्या पायऱ्यांवर आठवड्याला किमान 290 डॉलर, ट्रिपल-एला 502. तेही फक्त मोसम चालू असेपर्यंत. मार्चमधल्या सराव शिबिराचे पगार नाहीत, हिवाळ्याचे नाहीत. दौऱ्यावर जेवणाचे दिवसाला 25 डॉलर, रात्रभर बस आणि एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण हवेच्या गाद्यांवर. करार असा की सहा-सात वर्षं दुसऱ्या क्लबकडे जाता येत नाही.

मी फ्रेशर असताना माझ्या कंपनीनं बाँड लिहून घेतला होता, सोडलं तर पैसे भरा. पगार इतका की पुण्यात भाडं दिल्यावर महिनाअखेरीस घरून यूपीआय यायचं. तेव्हा एक मॅनेजर म्हणाला होता, "तुला शिकायला मिळतंय ना!" त्यामुळे मायनर लीगचे आकडे वाचताना मी तटस्थ नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

मला खटकलं ते हे. केप लीग फुकट खेळवते, पण ती तसं सरळ सांगते. मावशी जेवायला घालतात, गाव टाळ्या वाजवतं, ऑगस्टमध्ये पोरगा कॉलेजला परत जातो. मायनर लीगमध्ये मात्र तो अब्जावधी डॉलरच्या धंद्याचा नोकर असतो आणि त्याला सांगितलं जातं की ही नोकरी नाही, ही उमेदवारी आहे.

कायदाही क्लबांच्या बाजूनं होता. 1922 मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून बाहेर ठेवलं होतं. 2014 मध्ये ॲरन सेनी आणि इतर माजी मायनर खेळाडूंनी किमान वेतनासाठी दावा लावला. त्यांचा एक वकील गॅरेट ब्रोशस हा स्वतः सहा वर्षं जायंट्सच्या मायनर संघांत पिचर होता आणि नंतर कायदा शिकला. त्यावर 2018 मध्ये दोन हजारांहून जास्त पानांच्या खर्च विधेयकात एक कलम घुसवलं गेलं. नाव काय, तर 'अमेरिकेचा आवडता खेळ वाचवा' अशा अर्थाचं! त्यात तरतूद अशी की खेळाडू कितीही तास राबला तरी मोसमात आठवड्याचे 40 तास धरून किमान वेतन दिलं की झालं.

मग 2020 आलं. मायनर लीगचा अख्खा मोसम रद्द. शेकडो खेळाडूंना निरोप. ड्राफ्ट 40 वरून पाच फेऱ्यांचा. आणि 2021 पासून मेजर लीगनं संलग्न संघ 160 वरून 120 केले.

यात ॲपलाचियन लीगचं जे झालं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. डोंगराळ भागातली गावं, ब्लूफिल्ड, जॉन्सन सिटी, एलिझाबेथटन. कॅल रिपकेन 1978 मध्ये ब्लूफिल्डला, कर्बी पकेट 1982 मध्ये एलिझाबेथटनला सुरुवात करून गेले होते. ही रूकी लीग, पगारी. 2021 मध्ये तिचं रूपांतर झालं कॉलेज पोरांच्या उन्हाळी लीगमध्ये! तीच मैदानं, तेच प्रेक्षक, पण खेळणारे आता बिनपगारी. बर्लिंग्टन रॉयल्सचं नवं नाव 'सॉक पपेट्स', म्हणजे मोज्याच्या बाहुल्या. नाव गोड आहे, मान्य. पण पगाराची पायरी काढून तिथे हौशी पायरी बसवली, हे त्या गोड नावाखाली झाकलं गेलं.

आपल्याकडचा एक धागा इथे येतो. 2008 मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून पुढे आलेले उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (षटकारवाला नाही, दुसरा) आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पायरेट्सनी करारबद्ध केले होते. त्यांच्यावर 2014 मध्ये सिनेमाही आला. सिनेमा करार झाल्यावर संपतो. खरी गोष्ट त्यानंतर मायनर लीगच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर चालली. दिनेश 2010 मध्ये बाहेर पडला, रिंकू सिंगल-एच्या पुढे गेला नाही.

परत 2022 कडे येतो. मी ऑर्लिन्सला गेलो त्याच महिन्यात सेनी खटल्यात 18.5 कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. टेकडीवर आमच्या शेजारी बसलेले एक आजोबा त्याबद्दल तावातावानं बोलत होते आणि मला तेव्हा काही कळत नव्हतं. सप्टेंबरमध्ये मायनर खेळाडू मेजर लीगच्या संघटनेत दाखल झाले आणि 2023 मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. सिंगल-एच्या खालच्या पायरीवर वर्षाला 11,000 डॉलरचे 26,200 झाले, ट्रिपल-एला 17,500 चे 35,800. राहायची सोय तर 2022 पासूनच क्लबकडे आली होती. हिवाळ्यातही थोडे पैसे मिळू लागले. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार 7,20,000 डॉलर होता, म्हणजे जिना अजूनही उभा तो उभाच. बदल्यात क्लबांना प्रत्येकी कमी मायनर खेळाडू ठेवायची मुभा मिळाली. पगार वाढले, खुर्च्या कमी झाल्या. मला विचाराल तर सौदा ठीक होता. पण ज्याची खुर्ची गेली त्याला विचारून बघायला हवं.

मावशींकडचा तो पिचर? ड्राफ्टच्या वीस फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही. एका क्लबनं नंतर छोट्या रकमेवर घेतलं. मी दीड वर्ष रात्री जेवताना त्याचे आकडे बघायचो, आईला वाटायचं शेअर बाजार बघतोय. सिंगल-एमध्ये खांदा दुखावला, परत आला, चार सामने खेळला आणि एका सकाळी त्याच्या नावापुढे 'रिलीज्ड' लिहिलेलं दिसलं. सहकाऱ्याला मेसेज केला. तो म्हणाला, मावशींना आधीच कळलंय, त्यानं स्वतः फोन केला होता, तासभर बोलले. आणि जूनमध्ये त्या खोलीत नवा मुलगा येतोय, शॉर्टस्टॉप आहे, यालाही दूध लागतं.

चला, आज एवढंच. मायनर लीगच्या बसप्रवासांवर आणखी ऐकायचं असेल तर सांगा. भेटू पुढच्या भागात.