सुरगाठीची कुळकथा

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेने गणपतीपुळ्याकडे निघाले म्हणजे वाटेत आरे आणि वारे ही जुळी पुळण लागते. त्या उतारावर एके सकाळी माझ्या बुटाची नाडी सुटली, तिच्यावर दुसरा पाय पडला आणि मी तोंडघशी पडलो. जवळच जाळे सावरीत बसलेल्या वृद्ध खारव्याने माझ्या गुडघ्याऐवजी बुटाकडे पाहिले व म्हटले, "गाठ उलटी पडली हो तुमची!"

या 'उलट्या' गाठीचा इतिहास सांगण्याजोगा आहे. आर्मेनियातील एका गुहेत 2008 साली सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामडी जोडा सापडला. त्यास ओवलेली वादीही शाबूत होती. ग्रीक वैद्य हेराक्लास याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात शस्त्रवैद्यकातील गाठींचे वर्णन लिहून ठेवले. त्यांत उलट-सुलट वेढ्यांची, न सरकणारी गाठ आहे.

आपल्याकडे गाठींचे ज्ञान कमी होते काय? मुळीच नाही. घट्ट बसते ती निरगाठ आणि एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, असा नेमका भेद आपल्या भाषेने केव्हाच केला आहे. परंतु आपली सुरगाठ अंगरख्याच्या बंदांत, म्हणजे छातीवर राहिली. पायांवर उतरली नाही. जो जोडा प्रत्येक उंबरठ्यापाशी काढावयाचा, त्यास नाडी कशाला हवी? वहाणेला अंगठा पुरे. साहेबाचा बूट मात्र दिवसभर पायांतच राहावयाचा. या एका भेदाने राजकारणही पेटले. ब्रह्मदेशाच्या दरबारात बूट काढून बसावयाचे नाही, असे हिंदुस्थान सरकारने 1875 नंतर ठरविले आणि इंग्रज वकिलाची राजभेटच बंद पडली. पुढे 1885 च्या युद्धात राज्य गमावलेला थिबा राजा 1886 साली रत्नागिरीस आला व 1916 मध्ये तेथेच वारला. युद्धाची कारणे अर्थातच निराळीही होती.

धावण्याच्या शर्यतींतही आपण बुटांवाचून चालविले. 1919 साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले. त्यांच्याच पुढाकाराने 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला खेळाडू गेले आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

अंगरख्याची सुरगाठ उलटी पडली तरी कोणास कळत नसे, कारण छातीला धक्के बसत नाहीत. पायाला बसतात. बर्कले येथील संशोधकांनी 2017 साली धावत्या पायाची मंदगती चित्रे घेतली. पाऊल आपटताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसून गाठ सैल होते, आणि झुलत्या पायाबरोबर नाडीची मोकळी टोके हिसडे देऊन तिला ओढतात. एकदा ती सरकू लागली की दोन-चार पावलांत सुटते. दोन्ही गाठी सुटू शकतात, पण उलटी फार लवकर सुटते.

ओळखावयाची खूण सोपी. गाठीचे दोन फासे बुटावर आडवे बसले तर ती योग्य. बोटांकडून घोट्याकडे उभे वळले तर उलटी. पहिल्या वेढ्यात उजवे टोक डाव्यावर गेले असेल, तर दुसऱ्यात डावा फासा उजव्यावर घ्यावा. एवढेच त्या खारव्याने मला वाळूत बसवून शिकविले. चाळीस वर्षांचा हात वळावयास आठ दिवस लागले.