व्यसनमुक्ती समुपदेशक: पात्रता, नोंदणी आणि निरंतर प्रशिक्षण

व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरांची भेट दिवसातून काही मिनिटांची असते. रुग्णाजवळ तासन्‌तास बसणारी, त्याचे नकार ऐकून घेणारी, घरच्यांना समजावणारी आणि डिस्चार्जनंतर फोन करून विचारपूस करणारी व्यक्ती म्हणजे समुपदेशक. उपचार टिकणार की रुग्ण आठवडाभरात पुन्हा पिऊ लागणार, हे बऱ्याच अंशी या व्यक्तीच्या कौशल्यावर ठरते. तरीही केंद्र निवडताना कुटुंबे खोली, जेवण आणि खर्चाची चौकशी करतात. समुपदेशक काय शिकला आहे आणि शेवटचे प्रशिक्षण कधी झाले, हे क्वचितच विचारले जाते.

थोडक्यात

• भारतात 'व्यसनमुक्ती समुपदेशक' असा स्वतंत्र, कायद्याने दिलेला परवाना आज नाही.
• डॉक्टर, परिचारिका आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना नोंदणीचे नूतनीकरण करताना निरंतर शिक्षणाचा हिशेब द्यावा लागतो.
• नुसत्या कार्यशाळेने कौशल्य टिकत नाही. अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख लागते.
• समुपदेशकाचे प्रशिक्षण आणि केंद्राची नोंदणी याबद्दल विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण हक्क आहे.

समुपदेशक नेमके काय करतो?

समुपदेशन म्हणजे 'दारू वाईट आहे' हे पुन्हापुन्हा सांगणे नव्हे. ते रुग्णाला आधीच माहीत असते. समुपदेशक व्यसनाचा सविस्तर इतिहास घेतो, बदलाची इच्छा रुग्णाच्या स्वतःच्या तोंडून यावी यासाठी मदत करतो, पुन्हा प्यावेसे वाटण्याचे प्रसंग ओळखायला शिकवतो आणि कुटुंबाबरोबर बसतो. नैराश्य, आत्महत्येचे विचार किंवा घरातली मारहाण यांची चिन्हे दिसली तर योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे हेही त्याचेच काम. औषध लिहून देणे किंवा बंद करणे मात्र त्याच्या अधिकारात येत नाही.

भारतात नोंदणीची स्थिती काय आहे?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थिती 'मानसिक आजारा'च्या व्याख्येत येते. म्हणून रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्राला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणीही हेच प्राधिकरण करते. नुसता 'समुपदेशक' या यादीत नाही.

प्रत्यक्षात केंद्रांमध्ये समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेले पदवीधर आणि व्यसनातून बाहेर येऊन या कामाकडे वळलेली माणसे हे काम करतात. त्यांचे प्रशिक्षण अनेक मार्गांनी होते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची दिल्लीतील राष्ट्रीय समाज रक्षा संस्था अभ्यासक्रम चालवते. बंगळुरूचे निम्हान्स आणि दिल्लीच्या एम्सचे राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र ही मोठी प्रशिक्षण केंद्रे आहेत. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ मध्ये सुरू झाल्यापासून रुग्णसेवेबरोबर कार्यकर्ते घडवण्याचेही काम केले आहे. चेन्नईच्या टीटी रंगनाथन संस्थेचे कामही १९८० पासूनचे आहे.

२०२१ मध्ये संमत झालेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक राष्ट्रीय आयोग कायद्यात वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांचा स्वतंत्र गट आहे. त्यात आरोग्य समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांचा उल्लेख आहे. या कायद्याखालील राज्य परिषदा आणि नोंदवह्यांमधून या क्षेत्राला एकसमान चौकट मिळू शकते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी त्याकडे लक्ष ठेवावे.

निरंतर प्रशिक्षण: कोणाला किती?

• डॉक्टर: महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते. त्यासाठी ३० क्रेडिट तास लागतात.
• परिचारिका: भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार ५ वर्षांत १५० तास.
• क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नूतनीकरणासाठी ५ वर्षांत सीआरई कार्यक्रमांचे १०० गुण जमवावे लागतात.
• इतर समुपदेशक: कायद्याची अशी सक्ती नाही. केंद्राचे धोरण आणि स्वतःची जबाबदारी यांवरच सारे अवलंबून राहते.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण घेता येईल. तिथे व्यसन समुपदेशकाला राज्य सरकार परवाना देते. नियम राज्यागणिक बदलतात, पण अनेक राज्यांत दर २ वर्षांनी सुमारे ४० तासांचे शिक्षण पूर्ण केल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण होत नाही. व्यावसायिक नीतीचे तास त्यात वेगळे राखलेले असतात. तिथे हे काम करू इच्छिणाऱ्या मराठी समुपदेशकांनी आपल्या राज्याच्या परवाना मंडळाचे चालू नियम पाहावेत.

एकदा शिकून का भागत नाही?

आजाराची व्याख्या बदलते. पूर्वी 'गैरवापर' आणि 'अवलंबित्व' असे दोन वेगळे निदान होते. २०१३ मधल्या डीएसएम-५ ने ते एकत्र करून ११ लक्षणांच्या आधारे सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी मोजणी आणली. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये गेमिंगचा विकारही व्यसनांच्या गटात आला. त्याआधी शिकलेल्या समुपदेशकाने हे पुन्हा शिकायलाच हवे.

नशेचे पदार्थ बदलतात. महाराष्ट्रात 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' या नावाने ओळखले जाणारे मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या यादीत आले. त्याचे व्यसन सोडवणारे ठरावीक औषध नाही. समुपदेशन आणि वर्तनोपचार हाच उपचाराचा मुख्य भाग असल्याने इथे समुपदेशकाचे अज्ञान थेट रुग्णाला भोवते.

औषधांबद्दलचे ज्ञान बदलते. ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनचा उपचार दीर्घकाळ चालू ठेवल्याने मृत्यूचा धोका कमी होतो. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असे सांगून ही औषधे सोडायला लावणारा समुपदेशक रुग्णाला धोक्यात टाकतो. काही आठवडे नशेपासून दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. केंद्रातून बाहेर पडून पूर्वीएवढीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू होऊ शकतो. हा इशारा रुग्णाला आणि घरच्यांना डिस्चार्जपूर्वी मिळालाच पाहिजे.

कायदा बदलतो. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधणे पूर्णपणे बेकायदा ठरवले, गोपनीयतेचा हक्क दिला आणि इच्छेविरुद्ध दाखल करण्याच्या अटी ठरवल्या. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला काही गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायद्यानुसार ती कळवावीच लागते. तिथे गोपनीयतेची सबब चालत नाही. हे तिन्ही मुद्दे समुपदेशकाला तोंडपाठ हवेत.

प्रमाणपत्र आणि कौशल्य यांतला फरक

निरंतर प्रशिक्षणाचे तास मोजणे सोपे असते. त्या तासांतून हातात काय आले, हे मोजणे अवघड.

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ही पद्धत आज जगभर वापरली जाते. रुग्णाशी वाद न घालता त्याच्याच बोलण्यातून बदलाची इच्छा वर आणणे, हे तिचे सार. मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व्यसन क्षेत्रातील १४० परवानाधारक व्यावसायिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त कार्यशाळा मिळाली. काहींना त्यानंतर त्यांच्या सत्रांच्या ध्वनिमुद्रणावर अभिप्राय, काहींना मार्गदर्शन, तर काहींना दोन्ही मिळाले. पुढच्या पाठपुराव्यामुळे कौशल्य अधिक वाढले. आणि रुग्णांच्या बोलण्यात बदल दिसला तो कार्यशाळा, अभिप्राय आणि मार्गदर्शन हे तिन्ही मिळालेल्या गटात.

आपल्या शेजारच्या गोव्यातला अनुभवही बोलका आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी थोड्या सत्रांचे समुपदेशन दिले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ३ महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते. या समुपदेशकांची सत्रे ध्वनिमुद्रित केली जात आणि गटात बसून ती ऐकून एकमेकांच्या कामाला गुण दिले जात. मोठी पदवी नसतानाही चांगले काम होते, पण अशी देखरेख असेल तरच.

स्वतः व्यसनातून बाहेर आलेले समुपदेशक

'मीही तुझ्याच जागी होतो' हे वाक्य रुग्णाला जे देते, ते पुस्तकातून येत नाही. अशा समुपदेशकांमुळे आपल्याकडची केंद्रे उभी राहिली आहेत. पण स्वतःला उपयोगी पडलेला मार्ग प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही. कुणाला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आधार देतात, कुणाला औषध, कुणाला दोन्ही. रुग्णाचे अनुभव ऐकताना स्वतःच्या जुन्या जखमा उघड्या पडण्याचा धोकाही असतो. सभेला जाणे हा स्वतःच्या सोबरायटीचा आधार आहे. तो व्यावसायिक देखरेखीला पर्याय नाही. दोन्ही लागतात.

समुपदेशकांसाठी: वर्षाचे साधे नियोजन

सक्ती नसली तरी पुढील किमान गोष्टी दरवर्षी व्हाव्यात असे मी सुचवतो:

१. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा ज्येष्ठ सहकाऱ्यासोबत केसवर चर्चा.
२. रुग्णाच्या लेखी संमतीने काही सत्रांचे ध्वनिमुद्रण आणि त्यावर अभिप्राय.
३. विथड्रॉवलची लक्षणे आणि आत्महत्येच्या जोखमीची तपासणी यांची उजळणी, डॉक्टरांकडून.
४. कायदा, गोपनीयता आणि व्यावसायिक मर्यादा यांवर किमान एक सत्र.
५. एक नवा विषय: स्त्रियांमधले व्यसन, किशोरवयीन मुले, मोबाइल गेमिंग, मावा आणि मिश्री.
६. तारीख, विषय, तास आणि 'कामात काय बदलले' अशी स्वतःची नोंदवही.

या नोंदवहीतला शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ते प्रशिक्षण फक्त प्रमाणपत्रापुरते झाले असे समजावे.

कुटुंबाने काय विचारावे?

• केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? प्रमाणपत्र पाहता येईल का?
• समुपदेशकाचे शिक्षण काय? गेल्या वर्षभरात कोणते प्रशिक्षण झाले?
• त्यांच्या कामावर देखरेख कोण करते? मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात?
• रात्री फिट आली किंवा भ्रम झाला तर काय व्यवस्था आहे?
• डिस्चार्जनंतर किती काळ पाठपुरावा होतो?

चांगल्या केंद्राला या प्रश्नांचा राग येत नाही.

पुढील गोष्टी दिसल्यास सावध व्हा: 'शंभर टक्के खात्री' देणे, नातेवाइकांना अनेक आठवडे भेटू न देणे, मारहाण किंवा बांधून ठेवणे, रुग्णाला न सांगता चहा-जेवणात गोळी मिसळायला सांगणे. डायसल्फिराम हे औषध नकळत दिले आणि त्यावर रुग्ण प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ते फक्त रुग्णाच्या माहितीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

तातडीने रुग्णालयात कधी न्यावे?

रोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीने दारू अचानक बंद केल्यास काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या २ दिवसांत फिट येऊ शकते. साधारण २ ते ४ दिवसांत भ्रम, खूप घाम, ताप, नसलेल्या वस्तू दिसणे अशी लक्षणे सुरू झाली तर ती डिलिरियम ट्रेमेन्सची असू शकतात आणि ती प्राणघातक ठरू शकतात. ही वेळ समुपदेशनाची नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अफूजन्य पदार्थ घेणारी व्यक्ती बेशुद्ध असेल, श्वास मंद झाला असेल किंवा ओठ निळे पडले असतील तरीही एक मिनिट न दवडता तेच करा.

मदत कुठे मिळेल?

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूमुळे मदतीची गरज आहे. दारूचे अवलंबित्व असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणताही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. मदत मागणारे आपण एकटे नाही.

• राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६
• टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठी: १४४१६
• तंबाखू सोडण्यासाठी: १८००-११-२३५६

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.