कमी रॅममधला लिनक्स : काटकसरीची तीन दशके

लिनक्सला मेमरीची चणचण जन्मापासूनच माहीत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत ज्या मशीनवर कर्नल लिहायला घेतला, त्यात ३८६ प्रोसेसर आणि ४ मेगाबाइट रॅम होती. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे तेवढीही नव्हती. त्याच्या २ मेगाबाइटमध्ये जीसीसी हा कंपायलर मावत नव्हता, त्यामुळे कर्नल स्वतः कंपाइल करायची सोय नव्हती. एखादा लहान कंपायलर चालेल का, अशी त्याने विचारणा केली. टोरवाल्ड्स यांनी कंपायलर लहान करण्याऐवजी त्या वर्षीच्या नाताळात कर्नललाच नवी युक्ती शिकवली : मेमरीतले जे पान सध्या लागत नाही ते डिस्कवर नेऊन ठेवायचे आणि मागितले की परत आणायचे. जानेवारी १९९२ मध्ये आलेल्या ०.१२ या आवृत्तीत ही सोय होती. मिनिक्स या ज्या युनिक्ससारख्या प्रणालीच्या सावलीत लिनक्स वाढत होता, त्यात ती नव्हती.

डिस्क स्वस्त होती, पण संथही होती. म्हणून पाने हलवण्यापेक्षा मुळात ती कमी लागावीत, याकडे लोकांचे लक्ष गेले. सुरुवात खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमपासून झाली. रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये ‘टीडब्ल्यूएम’ हा त्या काळचा प्रचलित विंडो मॅनेजर उघडून तपासला, तेव्हा माउसच्या बटनांना नेमून दिलेली कामे तो फार उधळ्या पद्धतीने साठवतो असे दिसले. ती रचना बदलून आणि बरेचसे पर्याय छाटून त्यांनी ‘एफव्हीडब्ल्यूएम’ तयार केला. टीडब्ल्यूएमच्या निम्मी ते एक तृतीयांश मेमरी त्याला पुरते, असा त्याच्या माहितीपत्रकातला अंदाज होता. अंदाजाने कात्री न लावता आधी मेमरी कुठे जाते ते शोधायचे आणि मग तेवढेच दुरुस्त करायचे, ही नेशन यांची पद्धत. पुढच्या तीस वर्षांत या विषयात जे चांगले काम झाले, ते बहुतेक याच वाटेने झाले.

पडद्यामागे बसून राहणाऱ्या प्रोग्रॅमचा, म्हणजे डीमनचा, प्रश्न युनिक्सइतकाच जुना. त्यावरचे एक उत्तर बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘आयनेटडी’च्या रूपात मिळाले होते. एफटीपी, टेलनेट, फिंगर यांचे स्वतंत्र डीमन दिवसभर ताटकळत ठेवायचे नाहीत. एकट्या आयनेटडीने सगळ्या दारांवर कान ठेवायचा आणि कोणी दार वाजवले की त्या कामाच्या प्रोग्रॅमला उठवायचे. लिनक्सने ते जसेच्या तसे घेतले.

तरीही १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या वितरणांत बऱ्याच गोष्टी गरज नसताना चालू असत. घरच्या एकट्या मशीनवर ईमेल पोचवणारा सेंडमेल, प्रिंटर नसताना छपाईचा एलपीडी. रेड हॅटवर ‘एनटीसिसव्ही’ चालवला की निळ्या पडद्यावर सेवांची लांबलचक यादी येई. चालू सेवेपुढे चौकटी कंसात तारा दिसे आणि स्पेसबार दाबला की तो जाई. जुन्या मशीनवर लिनक्स बसवणाऱ्याचे पहिले काम बहुधा हे तारे काढण्याचे असे. दुसरे काम ‘इनिटटॅब’ या फाइलमध्ये. तिथे एकाखाली एक सहा ओळी असत आणि प्रत्येक ओळ एकेका कन्सोलवर ‘गेटी’ हा लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम बसवत असे. ऑल्टसोबत एफ१ ते एफ६ दाबून या कन्सोलवर जाता येई, पण एका माणसाला सहा लागतात कशाला? शेवटच्या चार ओळींपुढे ‘#’ टाकला की चार गेटी कमी. वाचत ते थोडेसेच किलोबाइट, पण ८ मेगाबाइटच्या मशीनवर तेही मोलाचे होते.

१९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे डेस्कटॉप प्रकल्प सुरू झाले आणि हिशेब किलोबाइटवरून मेगाबाइटवर गेला. केडीईने यावर ‘केडीईइनिट’ ही युक्ती काढली. सी++ मधल्या भल्यामोठ्या लायब्ररी एकाच प्रोसेसने एकदा भरून, जोडून ठेवायच्या आणि बाकीचे प्रोग्रॅम तिच्यातून फोडून काढायचे, म्हणजे जोडणीचे काम आणि त्याची मेमरी सगळ्यांत वाटली जाई. ज्यांना एवढेही झेपत नव्हते त्यांच्यासाठी दुसरी वाट तयार होत होती : ऑलिव्हिए फूर्दाँ यांचा एक्सएफसीई, आइसडब्ल्यूएम, फ्लक्सबॉक्स, बॅरी कॉलर यांचे पपी लिनक्स, ५० मेगाबाइटमध्ये अख्खे वितरण बसवणारे डॅम स्मॉल लिनक्स आणि २००६ मध्ये तैवानच्या हाँग जेन यी यांनी सुरू केलेला एलएक्सडीई.

सर्वांत कडाक्याचा वाद मात्र डेस्कटॉपवरून झाला नाही, तो रात्रीच्या एका कामावरून झाला. ‘अपडेटडीबी’ रात्री डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची सूची करी. ते वाचन करताना कर्नल फाइलींची माहिती रॅममध्ये साठवी आणि त्यासाठी निष्क्रिय पडलेल्या प्रोग्रॅमची पाने डिस्कवर ढकली. सकाळी ब्राउझरवर क्लिक करावे तर डिस्क बराच वेळ खरखरत राही आणि खिडकी हलत नसे. कर्नलच्या २.६ या मालिकेत, पाने किती सहज बाहेर ढकलायची ते ठरवणारा ‘स्वॅपीनेस’ नावाचा आकडा आला. मूळ किंमत ६०. हा आकडा मोठा ठेवावा, पडून असलेली पाने बाहेर गेलेलीच बरी, असे कर्नलचे एक विकसक अँड्र्यू मॉर्टन यांचे मत होते आणि ते स्वतः १०० ठेवत. डेस्कटॉपवाले तो १० वर आणत. कॉन कोलिवास या ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञाने मधला मार्ग सुचवला : मशीन रिकामे असताना बाहेर गेलेली पाने हळूच परत आणून ठेवावीत. हे ‘स्वॅप प्रीफेच’ मुख्य कर्नलमध्ये कधीच गेले नाही आणि २००७ मध्ये कोलिवास यांनी कर्नलचे काम सोडले. मोठ्या सर्व्हरवर मोजता येणाऱ्या फायद्यापुढे घरच्या मशीनसमोर बसलेल्या माणसाचा खोळंबा मोजायला अवघड जातो. त्या वादात ही अडचण उघडी पडली.

त्याच सुमारास डेस्कटॉपवर फाइलींच्या आत शोधणारे प्रोग्रॅम आले. ग्नोमकडे बीगल आणि ट्रॅकर, केडीई ४ मध्ये नेपोमुक. नेपोमुकमागे एक पूर्ण डेटाबेस चाले. जुन्या मशीनवर तो बंद करणे हा अनेकांचा पहिला उपाय होता आणि २०१४ मध्ये केडीईनेच त्याच्या जागी हलका ‘बालू’ आणला.

या सगळ्या काळात एक गैरसमज टिकून होता, तो मोजमापाचा. ‘फ्री’ ही आज्ञा दिली की जवळजवळ सगळी रॅम भरलेली दिसे. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग वाचून झालेल्या फाइलींचा साठा असतो आणि गरज पडताच कर्नल तो सोडून देतो. रिकामी दिसणारी रॅम वाढवण्याच्या नादात हा साठा वारंवार पुसणाऱ्यांनी मशीन उलट संथ करून घेतले. २०१४ च्या ३.१४ या कर्नलने ‘खरोखर उपलब्ध किती’ हा अंदाज स्वतंत्रपणे सांगायला सुरुवात केली, तेव्हा गोंधळ बराच निवळला. एकेका प्रोग्रॅमच्या आकड्यातही असाच दोष होता. २० मेगाबाइटची लायब्ररी चार प्रोग्रॅम मिळून वापरत असतील, तर जुन्या पद्धतीत ती प्रत्येकाच्या नावावर पूर्ण लागे आणि बेरीज ८० होई. २००८ पासून कर्नल वाटणीचा आकडाही देऊ लागला, म्हणजे प्रत्येकाच्या नावे ५. आणि मॅट मॅकॉल यांच्या ‘स्मेम’ या साधनामुळे तो सहज वाचता आला. कोणाला बंद करून किती मिळेल, हे त्यानंतरच विश्वासाने सांगता येऊ लागले.

२०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी मांडलेल्या, मशीन सुरू होताना सेवा उभ्या करणाऱ्या सिस्टमडीवर टीका खूप झाली. मात्र गरज पडल्यावरच सेवा उठवण्याचा आयनेटडीचा विचार त्याने पूर्ण व्यवस्थेला लावला. कन्सोलवर कोणी गेले तरच तिथे गेटी सुरू होतो. इनिटटॅबमध्ये ‘#’ टाकण्याचे काम राहिले नाही.

नितीन गुप्ता यांच्या ‘कॉम्पकॅश’ने १९९२ ची पाने हलवण्याची कल्पना वेगळ्या दिशेने नेली. पाने डिस्कवर पाठवायची नाहीत, दाबून लहान करायची आणि रॅममध्येच ठेवायची. पुढे ‘झेडरॅम’ म्हणून ओळखली गेलेली ही सोय ३.१४ मध्येच प्रायोगिक विभागातून बाहेर पडली आणि २०२० मध्ये फेडोरा ३३ ने ती मूळ मांडणीतच चालू करून दिली. संथ डिस्कच्या जुन्या मशीनला इतका उपयोगी पडलेला दुसरा बदल त्या दशकात क्वचितच सापडेल.

मात्र ‘जुने मशीन’ म्हणजे काय, हेही सरकत गेले. २०१३ च्या ३.८ या कर्नलने ३८६ प्रोसेसरची साथ सोडली, म्हणजे टोरवाल्ड्स यांचे १९९१ चे मशीन आता नवा लिनक्स चालवू शकत नाही. उबुंटूने १७.१० पासून ३२ बिट डेस्कटॉपची प्रतिमा थांबवली आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत.